ग्रुपवर आवाज टाकायचा नाही

माझ्या तोंडून हे अजून बाहेर पडलेलं नाही. सुरतेच्या उधन्यात माझी सारी हयात गेली, गल्लीगल्लीत ओळखीची माणसं आहेत, तरी एकालाही सांगितलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगता येत असेल. की नुसतं वय झालं म्हणून? कळत नाही. मला रडू येत नाही. झोप लागते. जेवण जातं. वाटलं होतं, कधीतरी आतून काही उसळून येईल आणि तेव्हा आपोआप बोलून होईल. काही उसळत नाही. मग म्हटलं, लिहूनच टाकू.

लिहिणं माझं एका बोटाचं. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. बाप खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर आला, मागून आम्ही. मी लूमवर गेलो नाही. बापानं मारलं तरी गेलो नाही. कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये फिटरच्या हाताखाली लागलो आणि पुढे फिटर झालो. कागद नाही, सर्टिफिकेट नाही. पण पांडेसऱ्यापासून कामरेजपर्यंत कुठं जेट मशीन अडलं की म्हणायचे, आबांना बोलवा. ते मी ऐकायचो आणि ऐकू न आल्यासारखं करायचो. म्हणजे परत म्हणावं लागायचं.

जेट मशीन काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडाचं मोठं बंद पिंप समजा. आत कापड, रंगाचं पाणी आणि वाफ. झाकण लावून दाब चढवायचा, पाणी उकळीच्याही वर तापतं. रंग बसला की थंड करायचं, दाब सोडायचा, आणि मग झाकण उघडायचं. आधी उघडलं तर आतलं सगळं माणसाच्या अंगावर येतं.

आता दाब गेला हे कसं ओळखायचं? काटा असतो. पण काट्यावर कोण भरवसा ठेवतो? कापडाचा कचरा नळीत अडकला की काटा शून्यावर येऊन बसतो आणि आत दाब तसाच. आमच्या वेळच्या मशीनच्या झाकणाला चहूकडून बोल्ट असायचे. समोरासमोरचे दोन बोल्ट आम्ही एकेक आटा सैल करायचो, अंग बाजूला ठेवून. फुस्स झालं तर थांबायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, मी बघून शिकलो आणि पुढच्यांना शिकवलं.

काम सोडून घरी बसलो तेव्हा मोघे साहेबांनी ग्रुप काढला. मोघे साहेब आमच्या मिलमध्ये इंजिनिअर होते, चांगला माणूस. डाइंगच्या फिटर आणि ऑपरेटर लोकांचा फोनवरचा ग्रुप — कुठं मशीन अडलं तर विचारायचं, ज्याला येतं त्यानं सांगायचं. मला म्हणाले, आबा, तुम्ही ॲडमिन व्हा, तुमचं ऐकतील. ॲडमिन म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. हो म्हणालो.

पहिल्या महिन्यातच ग्रुपचा बाजार झाला. सकाळी गणपती, मारुती, सूर्यफुलं. एकानं कामरेजचा प्लॉट विकायला काढला. एकजण कशालाही अंगठा दाखवायचा, कोणी मेलं तरी अंगठा. मी मोघे साहेबांना म्हटलं, हे बंद करा. ते हसले. म्हणाले, आमचं इंजिनिअर लोकांचं एक ई-मेलचं मंडळ आहे, देशभरातले लोक आहेत, तिथं या सगळ्याचे नियम लिहून ठेवलेत. मग त्यांनी ते इंग्रजीतून वाचून मला समजावले. विषय सोडून बोलायचं नाही. माल विकायचा नाही. कोणाचा अपमान करायचा नाही. जे स्वतः केलं नाही ते सांगायचं नाही. एकट्याला खाजगीत विचारायचं नाही, सगळ्यांसमोर विचारायचं, म्हणजे उत्तराचा सगळ्यांना उपयोग होतो.

मला हे फार आवडलं. खोटं कशाला सांगू — माझ्या आयुष्यात मी नियम पाळले होते, केले नव्हते. मी मराठीत ते लिहून काढले. एका बोटानं. त्यांच्या नियमांत शेवटी एक असा होता की कोणाच्या जिवाला धोका असेल तर बाकीचे नियम बाजूला, कसंही विचारा. तो मी घेतला नाही. मोघे साहेब म्हणाले, आबा, हा एक राहिला. मी म्हटलं, साहेब, मिलमध्ये प्रत्येकाच्या जिवाला धोका असतो, मग नियम कोणासाठी? त्यांनी वाद घातला नाही. माझ्याशी कोणी घालत नाही.

आणि एक नियम मी माझा घातला. त्यांच्या ई-मेलमध्ये तो असणं शक्यच नव्हतं. ग्रुपवर आवाज टाकायचा नाही. बटण दाबून बोललेला निरोप चालणार नाही, प्रश्न लिहूनच विचारायचा.

लोकांना मी कारण सांगितलं की मागे मशीनची घरघर असते, कोणी अहिराणी बोलतो, कोणी हिंदी, कोणी उडिया, समजत नाही. ते खरंच आहे. पण तेवढंच होतं का? मी म्हातारपणी अक्षरं जुळवायला शिकलो. तासभर बसून दोन ओळी लिहायचो. आणि हे लोक बटण दाबून बडबडायचे. ते ऐकलं की मला — कसं सांगू — मला मीच ऐकू यायचो. आधीचा.

नियम कडक ठेवले. फुलं टाकणाऱ्याला काढला, प्लॉटवाल्याला काढला. एकानं लिहिलं, आबा, आता शिंक आली तरी विचारूनच द्यायची का? सगळे हसले, हसण्याच्या खुणांची रांग लागली. त्यालाही आठवडाभर बाहेर ठेवला. परत घेतला तेव्हा गप्प होता. ग्रुप सुधारला, हे मात्र सगळे मान्य करतात. इतक्या ग्रुपांत हाच एक कामाचा, असं म्हणतात. आजही म्हणतात.

सुपडू माझ्या गावाकडचा. चाळिशीचा माणूस, बायको, दोन मुली. त्याला मिलमध्ये मीच लावला होता, पुढे तो दुसऱ्या डाइंगमध्ये ऑपरेटर झाला. कामाला वाघ, पण अक्षर येत नाही, स्वतःची सहीसुद्धा नाही. तरी ग्रुपमध्ये घ्या म्हणून मागे लागला. जेवायच्या सुट्टीत कोणाकडून तरी सगळं वाचून घ्यायचा. एकदा त्यानं आवाज टाकला होता, पंपाबद्दल काहीतरी. मी तो पुसला आणि सगळ्यांसमोर लिहिलं — सुपडू, लिहिता येत नसेल तर येणाऱ्याकडून लिहून घे. त्यानंतर त्यानं टाकला नाही.

त्या दिवशी त्याच्या मिलमध्ये जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. झाकण उघडलं, आत दाब होता, उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर, मानेवर, छातीवर आलं. हात पुढे केला म्हणून तोंड वाचलं. फोन खिशात होता, तो गेला. सिव्हिलमध्ये बरेच दिवस होता. वाचला.

आणि हेही सगळ्यांना माहीत आहे की उघडायच्या आधी त्यानं ग्रुपवर आवाज टाकला होता आणि तो मी पुसला. ॲडमिननं पुसला की सगळ्यांच्या फोनमधून जातो. दुपारची पाळी चालू होती, कोणी ऐकला नव्हता. एवढं मी कबूल केलं. लपवायला जागाच नव्हती, ग्रुपवर खूण राहते की ॲडमिननं पुसलं.

मग सुपडूच्या मिलच्या ऑफिसात आम्हाला बसवलं. मालक, सुपडूचा सुपरवायझर, मोघे साहेब, सुपडूचा मोठा भाऊ आणि मी. भाऊ हात जोडून म्हणत होता, माझ्या भावाला जबरदस्तीनं उघडायला लावलं, त्याला शंका होती, त्यानं विचारलंसुद्धा, आबांना विचारा. सुपरवायझर म्हणाला, मी तिथं नव्हतोच, यानं घाईत स्वतःच्या मनानं उघडलं. मालक माझ्याकडे वळला. वयानं लहान, माझ्याशी अदबीनं बोलतो. म्हणाला, "आबा, तमे ए मेसेज सांभळ्यो हतो?" — तो निरोप तुम्ही ऐकला होता का?

मी म्हणालो, "ना."

मग म्हणालो, नियम आहे. आवाज आला की मी न ऐकता पुसतो. सगळ्यांना एकच न्याय.

मोघे साहेबांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी म्हणून माझ्यावर रागावताही येतं आणि माफही करता येतं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं, मी अजून काही बोलेन. मालकानं कागदावर लिहून घेतलं की ऑपरेटरच्या चुकीनं झालं. दवाखान्याचा खर्च मिलनं दिला, नोकरी गेली, पुढचं काही मिळालं नाही. सुपरवायझर अजून तिथंच आहे.

आता ते सांगतो.

मी ऐकला होता.

जेवून खाटेवर पडलो होतो. आमच्या घरातली खाली बसून मेथी निवडत होती. फोन वाजला, सुपडूचं नाव दिसलं — नाव मला वाचता येतं — आणि मी बटण दाबलं. नियम माझा, पण मी ऐकायचो बरं का. सगळ्यांचे आवाज मी आधी ऐकायचो आणि मग पुसायचो. हेही कोणाला माहीत नाही.

खोलीभर आवाज झाला. मशीनची घरघर आणि तिच्यावरून सुपडू. "आबा, काटा शून्यवर शे. पन मझार काहीतरी गडगड करी राह्यनं. हाऊ म्हनस उघाड. उघाडू का नको? तुम्ही सांगशात तसं करसू." आणि मागून दुसरा माणूस, अगदी स्पष्ट — "खोल ने भाई, शुं जोया करे छे?" उघड ना, बघत काय बसलास, म्हणत होता. सुपडूचा ‘हाऊ’, म्हणजे हा, तो हाच — सुपरवायझरचा आवाज. मी त्याला ओळखतो, चहाला येऊन गेलेला माणूस आहे.

आमच्या घरातलीनं वर बघितलं. "सुपडू शे ना? काय म्हनस?"

मी म्हटलं, काही नही.

"मंग इचारी राह्यना ना तो. सांगा ना त्याले काहीतरी."

मी बोट पुसायच्या बटणाकडे नेलं. तुम्ही म्हणाल, का? हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला आहे, आणि उत्तर इतकं लहान आहे की लाज वाटायलाही पुरत नाही.

सुपडूचं मशीन नवं होतं. बाहेरून आलेलं. त्याच्या झाकणाला बोल्ट नाहीत — एक दांडा फिरवला की झाकण एकदम सुटतं. आटा सैल करून बघायची सोय नाही. ते मशीन बसवलं तेव्हा मालकानं मला मुद्दाम बोलावलं होतं, शोभेला. कंपनीचा पोरगेला इंजिनिअर सगळं दाखवत होता, कुठून दाब सोडायचा, काटा बिघडला तर काय बघायचं. हिंदी, इंग्रजी, भराभर. मी हात मागे बांधून उभा होतो. शेवटी त्यानं विचारलं, बाबा, समझ गये ना? मी म्हटलं, हो. काहीही समजलं नव्हतं.

म्हणून सुपडूनं विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. कुठला कॉक, कुठली नळी, कशानं खात्री करायची — काही नाही. चुकीचं सांगितलं असतं तर ग्रुपमधल्या नव्या मुलांनी दुरुस्त केलं असतं, सगळ्यांसमोर. आणि मला माहीत नाही असं लिहिलं असतं तर? ते मी सुरतेत कधी म्हटलेलं नाही. कोणाला नाही, बायकोला नाही.

पण सुपडूनं कॉक विचारला होता का? नळी विचारली होती का? त्यानं उघडू की नको एवढंच विचारलं होतं. आत आवाज येतोय म्हणत होता. थांब म्हणायला नवं मशीन कळावं लागतं? ते तर मला बाप जिवंत असल्यापासून माहीत होतं — शंका आली की थांबायचं. खाटेवरून उठायचीही गरज नव्हती. बटण दाबून म्हणायचं, थांब. पण बटण दाबून बोलायचं नाही, हा नियम माझाच.

मी पुसलं. सगळ्यांसाठी पुसा, असं फोन विचारतो, मी हो केलं. मग लिहिलं — आवाज टाकू नये, प्रश्न लिहून विचारावा. एका बोटानं. जोडाक्षराला मला वेळ लागतो. प्रश्नचा श्न सापडेना, तो शोधला. तेवढ्या वेळात थांब लिहून झालं असतं, ते तीन अक्षरांचंसुद्धा नाही.

त्यानं मला फोन का केला नाही? कारण खाजगीत विचारायचं नाही, हे मी लिहून ठेवलं होतं, आणि दोघातिघांना फोनवर झापलंही होतं. तो नियम पाळणारा माणूस. मी लिहिलं ते त्याच्या फोनवर उमटलं असेल. वाचता त्याला येत नाही. त्या अक्षरांकडे बघून त्याला काय वाटलं, आबांनी काय सांगितलं असं वाटलं — ते मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी बातमी आली. आमच्या घरातली चुलीपाशी... गॅसपाशी उभी होती. तिनं मला काही विचारलं नाही. ऑफिसात मी ना म्हणालो तेही तिला कळलं, गल्लीत कळलं तसं. तेव्हाही नाही. तिला सांगावं लागलं नाही, म्हणून मी म्हटलं की कोणाला सांगितलेलं नाही. ती सुपडूच्या घरी जाते, त्याच्या मुलींना काही नेऊन देते. मला बरोबर चला म्हणत नाही. फोन वाजला तर आता ती खोलीतून उठून जाते.

मोघे साहेब नंतर एकदा घरी आले. म्हणाले, आबा, आवाजाचा नियम काढून टाकू या, आणि तो शेवटचा राहिलेला घालू या. मी म्हटलं, नियम काढला तर माझी चूक होती असं होईल. ते म्हणाले, चूक तुमची कोण म्हणतंय? तुम्ही ऐकलाच नव्हता. मी म्हटलं, तेच. नियम तसाच आहे. मी काढलेला नाही. हे लिहिताना काढला असता तर बरं वाटलं असतं तुम्हाला — पण काढलेला नाही, ते का ते मला सांगता येत नाही.

आणि सुपडू. दवाखान्यातून सुटल्यावर तो आमच्याकडे आला. मला वाटलं, भांडायला आला. मी पाठ ताठ करून बसलो. मानेची कातडी ओढलेली, त्यामुळे सगळं अंग वळवून बघत होता. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून तळव्याकडे वळलेली. तो खाली बसला. खुर्ची होती, तरी खाली.

म्हणाला, "मनी चूक व्हयनी, आबा. आवाज टाकू नको असं तुम्ही सांगेल व्हतं. मनामुळे तुमले ऑफिसमा जावं लागनं."

आमच्या घरातली दारात उभी होती, ऐकत होती. ती आणि मी, आम्हा दोघांना माहीत. त्या वेळी सांगता आलं असतं. तो समोर होता, दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या भावाला बोलावून, मालकाकडे जाऊन — सगळं तेव्हाही फिरवता आलं असतं. सुपरवायझरचं ते वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं होतं. अजून आहे.

मी म्हटलं, "असू दे. पुढे लिखीसन टाकत जाय."

तो हो म्हणाला. तिनं चहा आणला. कप त्यानं डाव्या हातात घेतला, पण बशीत ओतता येईना, तर तिनं ओतून दिला. तो प्याला, राम राम म्हणाला आणि गेला.